डबल हॉल आणि कृपेचा प्रश्न

मोक्षमार्गात मनुष्याच्या प्रयत्नाला नेमके किती स्थान आहे, हा प्रश्न पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलेगियस यांच्या वादामुळे ख्रिस्ती धर्मचिंतनाच्या केंद्रस्थानी आला. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर सदाचरणी होऊ शकतो, असे पेलेगियसचे म्हणणे होते. ती इच्छाशक्तीच मुळात दुबळी झालेली असल्याने ईश्वरी कृपेवाचून तिच्या हातून काही साधणार नाही, असे ऑगस्टीनचे प्रतिपादन होते, आणि इ. स. 418 मध्ये कार्थेज येथे भरलेल्या धर्मसभेने पेलेगियसचे मत त्याज्य ठरवले. रामानुजांनंतरच्या श्रीवैष्णव परंपरेतही हाच प्रश्न निराळ्या परिभाषेत उभा राहिला: वडकलै पंथाने आईच्या पोटाला घट्ट बिलगणाऱ्या माकडाच्या पिल्लाचा दृष्टान्त घेतला, तर तेंकलै पंथाने आईने तोंडात धरून नेलेल्या मांजराच्या पिल्लाचा. हे वाद जसे सर्वसाधारणपणे समजले जातात, त्यात एक गृहीतक दोन्ही पक्षांना मान्य असते, ते असे की करणे ही क्रिया आहे आणि स्वीकारणे हा क्रियेचा अभाव आहे. या गृहीतकाची पारख केवळ ग्रंथांत करून भागत नाही. शरीराने शिकाव्या लागणाऱ्या कौशल्यातही ती करता येते, आणि फ्लाय फिशिंगमधील ‘डबल हॉल’ हे तंत्र त्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

गळाच्या आकड्यावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीने मासे पकडण्याच्या कलेला फ्लाय फिशिंग म्हणतात. नेहमीच्या गळाला शिशाचे किंवा आमिषाचे वजन असते आणि ते वजनच बारीक दोरीला आपल्यामागे ओढत नेते; कृत्रिम माशी मात्र इतकी हलकी असते की ती स्वतः फेकली जाऊच शकत नाही, आणि म्हणून येथे वजन दोरीतच ठेवलेले असते. पाच क्रमांकाच्या, म्हणजे मध्यम वजनाच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे नऊ ग्रॅम भरतात, आणि एवढ्या अल्प वजनाला लांब, लवचीक काठीने आधी पाठीमागे व मग पुढे गती द्यायची असते. दोरी हवेतून जाताना तिला एक अरुंद वळसा पडतो, त्याला लूप म्हणतात, आणि तो लूप शेवटपर्यंत उलगडला की दोरी सरळ ताणली जाते. पाठीमागचा लूप उलगडण्याच्या आतच पुढची फेक सुरू केली, किंवा तो उलगडल्यावर फार वेळ थांबले, तर दोरीला झोळ पडतो, आणि झोळ पडलेल्या दोरीतून हाताचे बळ पुढे पोहोचत नाही.

या साध्या फेकीत काठी धरणारा हात काम करतो आणि दुसरा हात दोरी नुसती धरून राहतो. डबल हॉलमध्ये दुसरा हातही कामाला लागतो. काठी मागे जात असताना तो दोरीला खाली ओढतो, त्यामुळे काठी अधिक वाकते आणि दोरीचा वेग वाढतो. पुढच्या फेकीत तो पुन्हा एकदा ओढतो आणि काठी थांबताच दोरी सोडून देतो, तेव्हा हाताशी मोकळी असलेली दोरी काठीवरच्या कड्यांमधून सरसरत बाहेर पडते. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचे मार्विन हेज यांनी 1930च्या दशकात हे तंत्र लांब फेकीच्या स्पर्धांत रूढ केले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये 1938 मध्ये खास फेकीच्या सरावासाठी बांधलेल्या तलावांवर खेळाडूंच्या पुढच्या पिढ्या ते घोटत राहिल्या. फेकीच्या स्पर्धांतील खेळाडू जोन वुल्फ यांनी 1960 मध्ये 161 फुटांची फेक केली, ती निव्वळ दंडाच्या बळावर शक्य नव्हती, हे त्यांच्या लहानखुऱ्या चणीवरूनच स्पष्ट होते.

तथापि या तंत्राचे मर्म दोन ओढींत नसून त्यांच्या मध्ये आहे. पहिली ओढ संपते तेव्हा दोरीचा हात मांडीपाशी खाली आलेला असतो, आणि दुसरी ओढ देता यावी म्हणून तो पुन्हा वर, काठीच्या पहिल्या कडीजवळ पोहोचायला हवा. हा परतीचा प्रवास शिकणाऱ्याला सर्वांत अवघड जातो. हात खालीच राहिला तर दुसऱ्या ओढीला जागा उरत नाही. तो आपल्या मर्जीने वर नेला तर दोरी ढिली पडते आणि कमावलेला सगळा ताण वाया जातो. पाठीमागे उलगडणारी दोरी जितक्या वेगाने लांबी मागते तितक्याच वेगाने हाताने वर जायचे असते, म्हणजे हात दोरीला वर नेत नाही, दोरीच हाताला वर नेते. तसे होण्यासाठी हात मऊ असावा लागतो, पण निर्जीव असून चालत नाही, कारण ताणाची जाणीव त्याने एक क्षणही गमावता कामा नये. याच कारणाने अनेक शिक्षक प्रत्येक फेकीनंतर दोरी गवतावर पडू देतात, मागची आणि पुढची हालचाल अलग करून शिकवतात, आणि मेल क्रिगर यांच्यासारखे नामवंत शिक्षक तर आधी काठीवाचून, रिकाम्या हातांनी तिचा अभिनय करून घेत. ओढायला कोणालाही सांगावे लागत नाही, कारण ओढणे हा धडपडणाऱ्या माणसाचा स्वभावच आहे. शिकवावे लागते ते परत देणे.

येथे पतंजलींच्या योगसूत्रांतील एका संकल्पनेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. दुसऱ्या पादात आसन सिद्ध होण्याचा एक उपाय म्हणून ते ‘प्रयत्नशैथिल्य’ सांगतात, म्हणजे प्रयत्नाची पकड सैल होणे. पहिल्या पादात ज्यांनी अभ्यासाला दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक चालण्याची अट घातली, तेच पतंजली येथे प्रयत्न सैल करायला सांगतात, आणि वरवर पाहता हा विसंगतीचा दोष वाटतो. डबल हॉल शिकणाऱ्याच्या हाताकडे पाहिले म्हणजे हा दोष नाहीसा होतो, कारण ते शैथिल्य अभ्यास थांबल्यावर मिळत नाही, अभ्यासानेच ते हाती येते. नवशिक्याचा हात सैल नसतो; तो एक तर आवळलेला असतो किंवा लुळा असतो. मांजराचे पिल्लू आईच्या तोंडात अंग सैल सोडते, ती शिथिलता त्याला जन्मतःच मिळालेली असते. मनुष्याला ती मिळवावी लागते, आणि तेंकलै दृष्टान्ताचा विचार करताना हा फरक बहुधा निसटतो.

धर्म आणि फ्लाय फिशिंगची कला यांचे नाते साहित्यात सर्वांत ठळकपणे मांडले ते नॉर्मन मॅक्लीन यांच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या 1976 च्या कथाकृतीने. मॉन्टानातील मिझूला गावचा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतला, कृपा कोणाच्याही कर्तबगारीने मिळत नाही असे मानणारा पिता, त्यात आपल्या मुलांना एकीकडे धर्मप्रश्नोत्तरी पाठ करायला लावतो आणि दुसरीकडे मेट्रोनोमच्या चार ठोक्यांवर फेक शिकवतो. कृपा अर्जित करता येत नाही असे मानणाऱ्या माणसाने इतक्या कडक शिस्तीचा आग्रह का धरावा, हा प्रश्न कथेच्या तळाशी आहे, आणि त्याला ढोंग किंवा गोंधळ म्हणून बाजूला सारणे उथळपणाचे होईल. त्या पित्याला ठाऊक आहे की सरावाने देणगी विकत घेता येत नाही, परंतु सरावावाचून आलेली देणगी हातात टिकतही नाही.

ओयगेन हेरिगेल यांचे धनुर्विद्येवरील 1948 चे पुस्तक याच विषयावर अधिक वाचले गेले आहे. 1924 ते 1929 या काळात जपानमधील सेंदाई येथे अध्यापन करताना आवा केन्झो यांच्याकडे त्यांनी धनुर्विद्येचे धडे घेतले, आणि बाण धनुर्धराने न सोडता आपोआप सुटावा, या अवस्थेला त्यांनी साधनेचे शिखर मानले. या मांडणीचा प्रभाव मोठा असला, तरी तिच्यात समर्पण अखेरच्या एका क्षणाला येते, त्याआधी सगळा प्रयत्न आणि त्यानंतर सगळी मुक्ती, आणि म्हणूनच ती काहीशी फसवी ठरते. डबल हॉलमध्ये देणे शेवटी येत नाही. ते दोन प्रयत्नांच्या मध्ये, प्रत्येक आवर्तनात येते, आणि त्या देण्यातूनच पुढच्या प्रयत्नाला जागा होते. उपासकाचे रोजचे जीवन या दुसऱ्या रचनेला अधिक जवळचे आहे, कारण कोणत्याही परंपरेतल्या साधकाला एकदाच शरण जाऊन मोकळे होता येत नाही. उद्याचे कर्म त्याची वाट पाहत असते.

या विचारावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो ऑगस्टीनच्या बाजूने येतो. दोरी हाताला वर नेते ती पदार्थविज्ञानाच्या नियमाने, आणि तिच्यात जे बळ असते ते फेकणाऱ्यानेच क्षणापूर्वी घातलेले असते. ईश्वर मात्र कोणत्याही नियमाने बांधलेला नाही आणि त्याची कृपा ही मनुष्याच्याच शक्तीची परतफेड नव्हे. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. देणारा कोण आहे आणि तो देईल की नाही, यावर हे तंत्र कसलाही प्रकाश टाकत नाही. स्वीकारणे ही कोणत्या जातीची गोष्ट आहे, एवढेच त्यातून कळते, आणि ती निष्क्रियता नव्हे, तर जागरूक, शिकून मिळवलेली क्षमता आहे, एवढे तरी पेलेगियस आणि ऑगस्टीन या दोघांच्याही अनुयायांना पत्करावे लागेल. इ. स. 529 मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने श्रद्धेचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो असा निर्णय दिला. त्या निर्णयाचा अभिमानी येथेही विचारील की हात सैल करायला शिकण्याची ओढ, ते शिकवणारा गुरू आणि चुकत राहूनही पुन्हा उभे राहण्याचे धैर्य मनुष्याला कोठून मिळाले, आणि या प्रश्नापाशी काठी व दोरीचा दाखला संपतो.