कराचा पैसा कोणाचा?

व्यापारात सचोटी राखावी, हा उपदेश जुनाच आहे. परंतु सचोटी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या कायद्याबरोबर नव्याने उभा राहतो. गेल्या काही वर्षांत आपल्या देशातील करविषयक कायदे पुष्कळ पालटले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला जीएसटी, सुरू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे अनेक दर नव्याने ठरले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा संमत झाला व त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. या फेरफारांतील कलमे समजावून देण्यास करसल्लागार समर्थ आहेत. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो कलमांच्या पलीकडचा.

आपला कोठीचा परिसर म्हणजे लहान दुकानदारांची वस्तीच होय. सुलतान बाजारातील कापडवाले, पुस्तकांचे व वह्या-पेन्सिलींचे विक्रेते यांना कर ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. निजामी अमलातील करोडगिरी, १९५० चा हैदराबादचा विक्रीकर, १९५७ चा आंध्र प्रदेशचा विक्रीकर, २००५ चा व्हॅट आणि त्यानंतर जीएसटी, अशी ही परंपरा आहे. नावे बदलली, परंतु दुकानदाराची तक्रार बदलली नाही.

ती तक्रार खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. २०१९ मध्ये मालाच्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वार्षिक उलाढालीच्या २० लाखांवरून ४० लाखांवर गेली. तेलंगणाने मात्र २० लाखांचीच मर्यादा त्या वेळी कायम ठेवली. वर्षाला २० लाख म्हणजे दिवसाला सुमारे साडेपाच हजारांची विक्री. शेकडा दहा नफा धरला, तर त्या दुकानदाराच्या हाती वर्षाचे दोनच लाख उरतात. तरीही नोंदणी, विवरणपत्रे व सल्लागाराची फी त्याच्या मागे लागते. उलट २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावरील प्राप्तिकर शून्य केला. उलाढाल आणि उत्पन्न या भिन्न गोष्टी असल्यामुळे हा विरोधाभास निर्माण होतो, आणि तो लहान माणसाला जाचतो.

मग जाच होतो म्हणून कर चुकवावा काय? येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. प्राप्तिकर मनुष्य आपल्या कमाईतून देतो. परंतु बिलावर लावून घेतलेला जीएसटी हा दुकानदाराचा पैसा कधीच नव्हता. गिऱ्हाइकाने तो सरकारजमा करण्यासाठी त्याच्या हाती सोपविलेला असतो. ती ठेव होय. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेले भांडे आपल्या घरच्या अडचणीपायी मोडीत काढणारा मनुष्य अडचणीत असेल, पण निर्दोष नव्हे. म्हणूनच कंपोझिशन योजनेत अल्प दराने कर भरणाऱ्या दुकानदारास गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेण्याची कायद्याने मनाई आहे. तरीही तो घेणारा ठेवही नव्हे, केवळ लबाडीच पदरी बांधतो.

याहून कठीण प्रश्न सप्टेंबर २०२५ नंतर उत्पन्न झाला. शाळेच्या वह्यांवरील शेकडा १२ कर त्या वेळी शून्य झाला. तेव्हा वही त्याच दिवशी स्वस्त व्हावी, हे गिऱ्हाइकाचे म्हणणे. पण हिशेब पाहू. नोंदणीकृत दुकानदाराने शंभर रुपयांचा माल १२ रुपये कर देऊन घेतला. वीस रुपये नफा धरून तो पूर्वी १२० अधिक कर १४ रुपये ४० पैसे, म्हणजे १३४ रुपये ४० पैशांस विकला जाई. कर शून्य झाल्यावर शिल्लक मालावर दिलेल्या १२ रुपयांची वजावट त्याला मिळत नाही. सबब तोच माल त्याला ११२ ला पडला. नफा तोच ठेवला तरी किंमत १३२ होते. येथे दुकानदारास चोर म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु नवा माल शंभरातच आला, तर किंमत १२० च्या आसपास यावयास हवी. तेव्हाही जुनीच किंमत लावणारा मनुष्य सरकारने विद्यार्थ्यास दिलेली सूट आपल्या खिशात घालतो. आणि त्याला जाब कोण विचारणार? करकपातीचा लाभ न दिल्याच्या नव्या तक्रारी घेण्याची व्यवस्था १ एप्रिल २०२५ पासून बंद झाली होती. राहिला तो बाजारातील चढाओढीचा धाक आणि स्वतःचे मन.

प्राप्तिकरातही असेच आहे. लहान व्यापाऱ्यास सविस्तर वह्या न ठेवता उलाढालीच्या शेकडा ८, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर शेकडा ६, इतका नफा गृहीत धरून कर भरण्याची सोय आहे. हे आकडे कमीत कमी नफ्याचे आहेत. ज्याला शेकडा वीस सुटतात त्याने आठच लिहिले, तर बहुधा कोणी विचारणार नाही. परंतु सवलत हिशेब लिहिण्यातून आहे, सत्यातून नव्हे.

दोष एकट्या दुकानदाराचाही नाही. 'बिल नको, भाव कमी करा' असे म्हणणारे गिऱ्हाईक आपणच असतो. घेणारा नसेल तर बिनबिलाचा माल विकणार कोण? त्या कमी झालेल्या भावात आपलाही वाटा असतो.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म राजधर्म सांगताना मधमाशीचा दाखला देतात. ती मध घेते, पण झाडाला इजा करीत नाही. हा दाखला प्रथम राज्यकर्त्यांसाठी आहे. जो कायदा सामान्य दुकानदारास स्वतः वाचून पाळता येत नाही, तो त्याच्या सदसद्विवेकावर हक्क कसा सांगणार? म्हणून मर्यादा वाढवा, विवरणपत्रे सोपी करा, अशी मागणी व्यापाऱ्यांनी संघटितपणे व उघडपणे करावी. ती न्याय्य आहे. परंतु उघड मागणी करणाऱ्याचे तोंड स्वच्छ लागते. ज्याने ठेव गिळली, त्याची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

तेव्हा सभासद कुटुंबांस आमचे सांगणे इतकेच. दुकानात असलेल्यांनी गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर आपल्या गल्ल्यात न मिसळता रोज वेगळा काढून ठेवावा. आणि खरेदीस जाणाऱ्यांनी बिल मागून घ्यावे.