कागद हैदराबादला, घर नांदेडला

दिवाळीच्या आठवड्यात लातूरच्या गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसते. मधोमध जगदंबेचे मंदिर, भोवती गोल फिरत गेलेली दुकाने आणि त्या गोलातून फुटणारे सोळा रस्ते. कुठे सराफ, कुठे कापड, कुठे गूळ आणि मिरची, कुठे चपला. लातूरकर कुणाला पत्ता सांगू लागला की सुरुवात गोलाईपासून करतो. इतक्या ओळखीच्या या वास्तूबद्दल छापून येणारी माहिती मात्र बहुधा दोन वाक्यांत आटोपते. आखणी फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची आणि दुमजली बांधकाम १९१७ सालचे.

ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवली की शंका येते. हैदराबादेत याच नावाचे एक नामांकित वास्तुरचनाकार होऊन गेले. १९६० च्या सुमारास उभी राहिलेली रवींद्र भारती नाट्यगृहाची वास्तू ही त्यांचीच रचना. गोलाईचे फैयाजुद्दीन तेच असतील, तर १९१७ साली ते कोवळ्या वयाचे असणार. मग साल चुकले, की नाव? की बांधकाम आधीचे आणि सोळा रस्त्यांची आखणी नंतरची? हा प्रश्न कुणाला कमी लेखण्याचा नाही. ज्या चौकावर एवढ्या मोठ्या बाजारपेठेचा संसार चालतो, त्याची जन्मपत्रिका नीट असावी एवढीच त्यामागची आस्था आहे.

उत्तराकडे नेणारी एक वाट रेल्वेची आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये तडवळ्याहून लातूरला पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा कर्ता अभियंता. पुढे याच माणसाने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवले, हेही लातूरच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. गाडी आली आणि कापूस, गळिताची धान्ये कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली. १९११ ला रेल्वे आणि पुढच्या काही वर्षांत गंज, हा क्रम पटण्याजोगा आहे. पण पटणे वेगळे आणि कागद सापडणे वेगळे.

कागद आहेत कुठे? इथेच नांदेड-लातूरची गोष्ट पुणे-सातारा-कोल्हापूरच्या गोष्टीहून वेगळी होते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. सरकारदरबारची भाषा १८८० च्या दशकापर्यंत फारसी होती, मग उर्दू झाली. गावपातळीवर कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत चाले. जिल्हे मुंबई राज्यात आले, पण राजधानीचे दप्तरखाने राजधानीतच राहिले. आज ते तेलंगण राज्य अभिलेखागारात, हैदराबादच्या तारनाका भागात आहेत. इकडे उरलेले कागद तहसिलीच्या रुमालांत आणि घरोघरच्या ट्रंकांत पडून आहेत. म्हणजे घर नांदेडला, त्याचा कागद हैदराबादला आणि तो वाचणारा माणूस दोन्हीकडे दुर्मीळ.

या तुटलेपणाची किंमत अलीकडे सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधायला बसली, तेव्हा खासरापत्रके, पाहणीपत्रके, कोतवाल बुके, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या बाहेर निघाल्या. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. हैदराबादच्या दप्तरांकडेही धाव घ्यावी लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, एक गोष्ट त्या शोधाने दाखवून दिली. ज्या वहीत जातीची नोंद आहे, त्याच वहीत गल्लीही आहे, धंदाही आहे आणि साथीत दगावलेले लेकरूही आहे. वही एकदा उघडली तर एकाच रकान्यावर बोट ठेवून ती मिटू नये.

घराच्या इतिहासाला सगळ्यात उपयोगी पडणारा कागद म्हणजे बैनामा, म्हणजेच खरेदीखत. निजामी मुद्रांकाचा जाडसर कागद घडीवर फाटलेला असतो, शाई तपकिरी झालेली असते. अक्षर घसरत्या उर्दूत, नुक्ते बहुतेक गायब. विकणारा, घेणारा, रक्कम हे सगळे पाहतात. खरा खजिना त्याखाली असतो, 'हुदूद-ए-अरबा', म्हणजे चतुःसीमा. शर्क म्हणजे पूर्वेला अमक्याचे घर, गर्बला सरकारी रस्ता, शुमालला मशिदीची भिंत, जुनूबला तमक्याची पडीक जागा. एका कागदातून चार शेजारी मिळतात. त्या शेजाऱ्यांपैकी एकाचा बैनामा मिळाला की आणखी तीन. असे वीस कागद जुळवले की सगळी गल्ली उभी राहते, तीही एका ठरावीक सालातली. कोण कुणाच्या भिंतीला भिंत लावून राहत होते ते दिसते आणि आजच्या वस्तीशी ताडून पाहता येते.

तारखेपाशी मात्र सांभाळावे लागते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो. पण जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. 'मेहर १३३७' हा १९२८ चा ऑगस्ट. हैदराबाद राज्याचा प्राचीन वास्तू जतनाचा कायदाही १३३७ फसलीचाच. त्याआधी, १९१४ मध्ये, निजामाने पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम याजदानींसारखा जाणकार संचालक नेमला, हे इथे कृतज्ञतेने नोंदवायला हवे. गोलाईचे १९१७ खरे असेल तर दप्तरात १३२६ आणि १३२७ अशा दोन सालांच्या फायली पाहाव्या लागतील. स्थानिक पुस्तिकांतली कितीतरी साले एका वर्षाने इकडेतिकडे होतात, त्याचे मूळ अनेकदा या बेरजेत असते.

उर्दू-फारसी दप्तरे वाचण्याचे हे काम करून दाखवणारा माणूस लातूर जिल्ह्यातलाच होता. सेतुमाधवराव पगडी १९१० मध्ये निलंग्याला जन्मले. हैदराबादच्या मुलकी सेवेत राहून ते उर्दू-फारसी कोळून प्यायले, आदिवासींत काम करताना गोंडी शिकले आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअर विभागाची धुरा त्यांनी वाहिली. नांदेडचे गॅझेटिअर १९७१ चे, उस्मानाबादचे १९७२ चे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला, म्हणून त्याआधीचे लातूर उस्मानाबादच्या खंडात शोधावे लागते. गॅझेटिअर हा भक्कम पाया आहे, पण त्याची नजर जिल्ह्याची. गल्लीपर्यंत ती उतरत नाही.

गल्लीत उतरायचे तर नांदेडसारखे शहर नाही. चौथ्या शतकातील वाकाटक विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात 'नांदीकड' हे नाव येते. लातूरचे 'लत्तलूर' राष्ट्रकूटांनी आपल्या बिरुदात मिरवले. दोन्ही शहरांना या प्राचीनतेचा रास्त अभिमान आहे. पण सोळाशे वर्षांपूर्वीचे नाव ठाऊक आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा शेजारी ठाऊक नाही, ही अवस्था बरी नव्हे. चौफाळा, होळी, गाडीपुरा, सराफा, इतवारा, वजिराबाद या प्रत्येक नावाची एक कथा सांगितली जाते. ती जरूर लिहून घ्यावी, सांगणाऱ्याचे वय आणि तारीख टाकून. मात्र नावावरून इतिहास रचू नये. एखाद्या पुऱ्यात आज ज्यांची वस्ती आहे त्यांनीच तो वसवला असेल असे नाही.

गोदाकाठचा नंदगिरी किल्ला घ्या. त्याचा इतिहास सांगताना लोक सुलतान आणि सुभेदारांपाशी थांबतात. पण निजामकाळात याच किल्ल्यातून शहराचा पाणीपुरवठा सुरू झाला. घाटावरून घागर आणणाऱ्या बायकांच्या दृष्टीने ही घटना कुठल्याही वेढ्यापेक्षा मोठी होती. घरात नळ कोणत्या साली आला, आड कधी बुजवला, वीज कोणत्या मोहल्ल्यात आधी पोहोचली, हाच तर वस्तीचा इतिहास.

उस्मानशाही मिलचेही तेच. निजामाच्या नावाची ही कापडगिरणी नांदेडच्या कितीतरी कुटुंबांची भाकर होती. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट यांनी सिमेंट कारखान्यांचा इतिहास कामगारांनी स्वतःच कसा शोधावा यावर पुस्तक लिहिले. जिथे उभे आहात तिथेच खणा, हे त्याचे नाव. मालकाच्या स्मरणिकेत कारखाना भरभराटत असतो, त्याच वेळी कामगाराच्या फुप्फुसात धूळ साचत असते. दोन्ही नोंदी खऱ्या, पण छापली जाते पहिली. नांदेडच्या गिरणी कामगारांची मुले आता साठीकडे झुकली आहेत. बापाचे हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, संपाचे पत्रक त्यांच्याच घरांत असणार. या शहराने नरहर कुरुंदकरांसारखा शिक्षक पाहिला आणि पीपल्स कॉलेज १९५० पासून इथे उभे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प शोधायला लांब जायचे कारण नाही.

बैनाम्यालाही मर्यादा आहे. त्यात मालक असतो, भाडेकरू नसतो. गावकुसाबाहेरची वस्ती नसते आणि स्त्री असली तरी बहुधा 'विधवा अमक्याची' म्हणून. त्या माणसांपर्यंत पोहोचायला कोतवाल बुक, शाळेची नोंदवही, मतदारयादी आणि तोंडी आठवण हेच रस्ते.

काही घरांपाशी थबकावे लागते. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धाकाने अनेक कुटुंबे घरे सोडून हैदराबाद राज्याच्या सरहद्दीपलीकडच्या शिबिरांत गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपल्यानंतर मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावे घेतली. तो अहवाल दशकानुदशके लोकांपुढे आला नाही. एखाद्या वाड्याची मालकी नेमकी १९४८ च्या आसपास बदललेली दिसली, तर कारण विचारले पाहिजे. विचारताना आवाज खाली ठेवला पाहिजे आणि जे समजेल ते कुणाच्या हातात दगड देण्यासाठी वापरले जाणार नाही, याची हमी आधी द्यायला हवी. एका बाजूचे दुःख लिहून दुसऱ्या बाजूचे गाळले, तर तो मोहल्ल्याचा इतिहास होत नाही.

नांदेडने अलीकडेही मोठे बदल पाहिले. २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीसाठी रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, सचखंड गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर मोकळा झाला. शहराला त्याची गरज होती. पण जी घरे गेली त्यांचे अंगण आता फक्त लग्नाच्या अल्बमात आहे. नवरा-नवरीच्या मागे दिसणारी ती भिंत, तो कोनाडा, दारावरची ती चौकट हाच पुरावा.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरली होती. भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. दगड आणि चिखलाच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच वजन खाली आले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळसह ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५० ते ७५० चौरस फुटांची घरे, सरळ रस्ते, आखीव चौक. जीव वाचवणारी घरे मिळाली हे मोठेच काम झाले. मागे राहिली ती पांढरी. मराठवाड्यात गावठाणाला पांढरी म्हणतात, आणि माळवदावर पसरायची माती त्या पांढरीतूनच घेत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाव गावाच्याच मातीने शाकारले जात होते. त्या पांढरीवर आता बाभळी आहेत. ढाळज कुठे, धान्याचे बळद कुठे, पेव कुठे, हे ठाऊक असलेली माणसे नव्या गावात आहेत.

त्यांच्याकडून जुने गाव काढून घ्यायला साधी पद्धत पुरते. कागदावर नकाशा मागितला तर माणूस गोंधळतो. त्याऐवजी अंगणात बसून विचारावे, पोळ्याला बैल कोणत्या वाटेने मारुतीकडे जायचे? लग्नाची वरात कुठे वळायची? मयत कुठल्या बोळातून न्यायचे नाहीत? आजी खडूने एक रेघ ओढते, शेजारीण ती पुसून दुसरी ओढते. तासाभरात गल्ल्या उमटतात. मग दारे, मग आड, मग झाडे. जे जुळत नाही तेही लिहून ठेवावे, पुसू नये.

मांडणीचेही हेच तत्त्व असावे. चौकातल्या फलकावर तीन गोष्टी वेगळ्या दिसाव्यात: कागद काय म्हणतो, लोक काय म्हणतात आणि कशाचा शोध चालू आहे. नांदेडला असा फलक मराठी, उर्दू आणि गुरुमुखीत लागला, तर ज्यांच्या आजोबांनी तिथे वीट ठेवली ते सगळे तो वाचू शकतील. प्रदर्शन दूरच्या सभागृहात भरवू नये, त्याच गल्लीत, गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा उरुसाच्या दिवसांत भरवावे. लोक फोटोंपुढे उभे राहतात, चूक दाखवतात आणि घरी जाऊन आणखी एक फोटो घेऊन येतात. महाराष्ट्र बारव मोहिमेने हे दाखवून दिले आहे. महाशिवरात्रीला बारवेच्या पायऱ्यांवर दिवे लागले आणि इतके दिवस तिथे कचरा टाकणारे गाव तिच्या कौतुकाला जमले.

या दिवाळीत घर आवरताना माळ्यावरची ट्रंक खाली येईल. तळाशी उर्दू किंवा मोडीतला एखादा कागद निघाला, तर तो रद्दीत टाकू नका आणि लॅमिनेशनही करू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो. सावलीत उलगडा, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो घ्या, सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या पूर्वेला कोण राहायचे? किल्लारीच्या भूकंपात चाळिशीत असलेली माणसे आता सत्तरीपार गेली आहेत आणि १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे.