डॉक्टरांच्या हातावरचे गोंदण

गेल्या वर्षी एका वैद्यकीय परिसंवादात एका नामवंत सर्जनांनी निकाल देऊन टाकला: ज्या हातावर टॅटू आहे, त्या हाती रुग्ण आपले पोट देणार नाही. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन निवासी डॉक्टर मुलींनी ॲप्रनच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. ज्येष्ठांना आधार विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून हा लेख.

आधार उलट बाजूला सापडतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात डॉक्टरांनी कधी खोटे टॅटू लावून, कधी खोटे डूल घालून, कधी दोन्हींशिवाय रुग्ण तपासले आणि नऊशेहून अधिक रुग्णांची मते घेतली. कौशल्य, आस्था, विश्वास, कशातच फरक पडला नाही. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आता पेनसिल्व्हेनिया म्हणजे परभणी नव्हे, हे मलाही कळते. पण परभणीच्या ओपीडीत केसपेपर धरून बसलेल्या आजीच्या कपाळावर आणि हातावर काय असते? हिरवे गोंदणच. ती कशाला बिचकेल? बिचकतो आपण. इतके दिवस गोंदण तपासून घेणाऱ्याच्या अंगावर होते, ते तपासणाऱ्याच्या अंगावर आले, एवढीच अडचण आहे. या अडचणीला स्वच्छतेचे सोवळे नेसवले की ती शास्त्रीय दिसते.

स्वच्छतेचे म्हणाल, तर शाई त्वचेच्या आतल्या थरात असते. जखम भरली की तो हात इतर हातांसारखाच धुतला जातो. अस्वच्छ सुईमुळे कावीळ बी किंवा सी होण्याचा धोका गोंदवून घेणाऱ्याला. म्हणून तर रक्तपेढी अशा माणसाचे रक्त काही काळ घेत नाही. आणि वैद्यक स्वतः काय करते? रेडिओथेरपीसाठी रुग्णाच्या अंगावर कायमचे ठिपके गोंदते. स्तनाच्या कर्करोगानंतर स्तनाग्राभोवतीचे वर्तुळ गोंदते. मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सापडावी म्हणून आधी तिच्याजवळ शाई टोचून ठेवते. त्या शाईच्या मागावर आमचे सर्जनही कधीतरी गेले असतीलच.

अशा वेळी मी सुश्रुताकडे जातो. सर्जन मंडळींना तो आपला वाटतो, पण वाचतात कमी. त्याच्या संहितेतल्या सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात व्यवसायात उतरणाऱ्या वैद्याचे वर्णन आहे. नखे-केस कापलेले, अंग स्वच्छ, वस्त्र पांढरे, छत्री, काठी, पायात पादत्राण, वेश उद्धट नसावा, मन प्रसन्न, बोलणे कल्याणाचे. शिवाय राजाची परवानगी. म्हणजे नोंदणी तेव्हाही चुकली नव्हती! ही यादी सर्जनांच्या बाजूची वाटते खरी. पण सुश्रुत वेशाला वाणीच्या आणि मनाच्या पंक्तीत बसवतो. समोरचा आजारी माणूस दबू नये, ही त्यातली काळजी आहे. पांढरेशुभ्र कपडे घालून रुग्णावर खेकसणारे वैद्य या यादीत नापास होतात.

मात्र हीच कसोटी मलाही अडवते. मनगटावरची वेल किंवा आईचे नाव ठीक. पण डॉक्टरांच्या हातावर धर्माची घोषणा असेल, जातीचा अभिमान असेल, तर? दंगलीनंतर टाके घालून घ्यायला आलेल्याला तो हात आधी काय सांगेल? इथे ‘माझे शरीर, माझी मर्जी’ मला पुरत नाही. कामाच्या वेळी असा मजकूर झाकायला सांगावे, या मताला मी येऊन पोचलो आहे. मग दवाखान्यातल्या देव्हाऱ्याचे काय आणि पाटीवरच्या आडनावाचे काय, असे कोणी विचारील. विचारावेच. नियम करायचा तर त्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

लष्कराने निदान नियम लिहून तरी ठेवला आहे: कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचे गोंदण चालते, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर आणि अंगावरही. म्हणजे कपाळ गोंदलेली आदिवासी मुलगी फौजेला चालते. शहरातल्या मुलाखतीच्या टेबलावर तिच्या कपाळाकडे पाहून कोण काय लिहील, याची मला खात्री नाही.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २००७ साली रुग्ण हाताळताना कोपराखाली काही नको, असे ठरवले. लांब बाह्या गेल्या, घड्याळे गेली, साहजिकच टॅटू उघडे पडले. आपल्याकडे गोंदण झाकायला ॲप्रनची तीच लांब बाही सुचवली जाते. हा ॲप्रन आठवड्यातून किती वेळा धुतला जातो, हे सर्जनसाहेबांनी आधी जाहीर करावे. मग टॅटूबद्दल बोलू.