हललेला फोटो

आमच्या घरी रोल धुऊन आला की फोटोंच्या दोन चळती पडायच्या. मोठी अल्बममध्ये लावायची आणि छोटी ‘हललेल्यां’ची. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले चार-पाच हलायचेच. बाबा ते पाकिटात परत सारायचे आणि म्हणायचे, वाया गेले. पैसे मोजून आणलेल्या रोलचा हिशेब होता तो, आणि रास्त होता. पण त्या मोठ्या चळतीतलं आज मला फारसं काही आठवत नाही. आठवतो तो भाऊबिजेचा एक हललेला फोटो. आत्या बाबांना ओवाळतेय, निरांजनाच्या ज्योतीची सोनेरी रेघ ताटाबरोबर अर्धगोल फिरलीय, आणि तिच्या मागे आत्याचा चेहरा विरघळून गेलाय. त्याच्या आधीचा फोटो स्वच्छ होता, काठापदरासकट. त्यात आत्या ताट धरून उभी होती. ओवाळणं मात्र या दुसऱ्या फोटोत होतं.

हे जाणूनबुजून करणारे लोक आहेत, हे मला फार उशिरा कळलं. त्यांतली माझी सगळ्यांत लाडकी म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५चा, आपल्या कलकत्त्यातला. पुढे इंग्लंडात, आइल ऑफ वाइट या बेटावर राहत असताना १८६३च्या डिसेंबरात लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तेव्हा ती ४८ वर्षांची होती, घर मुलाबाळांनी आणि पाहुण्यांनी भरलेलं. तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. ओल्या काचेवर रसायन पसरायचं, ती सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, असं ते काम. समोरच्या माणसाला कित्येक मिनिटं हलू न देता बसवावं लागे. आता इतका वेळ जिवंत माणूस दगडासारखा कसा बसेल? श्वास चालतो, पापण्या लवतात, मान कणभर कलते. कॅमेरॉनबाईंच्या काचेवर ते सगळं उतरलं.

पण सगळाच धूसरपणा बसणाऱ्यांच्या हलण्यातून आलेला नाही, आणि मला खरी गोष्ट इथे वाटते. पहिले अंधूक फोटो योगायोगाने झाले, हे तिने स्वतःच लिहून ठेवलंय. भिंग फिरवताना चित्र डोळ्यांना सुंदर दिसलं की ती तिथेच थांबायची. बाकीचे सगळे ज्या धारदार रेषेपर्यंत पोहोचायचा आग्रह धरायचे, तिथवर ती जायची नाही. फोटोग्राफीच्या वर्तुळात तिच्यावर टीका झाली, बाईंना फोकसच जमत नाही अशी. तिने पद्धत बदलली नाही. १८६७ साली तिने खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो काढला. फोटो कायम टिकवणारं रसायन ज्यांनी सुचवलं तेच हे हर्शेल, आणि तिचे जुने स्नेही. तिने त्यांना केस धुवायला लावून विस्कटायला लावले होते. त्या फोटोत पांढऱ्या केसांचं नुसतं तेज उरलंय, अंगावरचं काळं वस्त्र काळोखात मिसळलंय, आणि त्यातून ते थकलेले डोळे आपल्याकडे बघतात. तो फोटो पाहिला की मला दर वेळी वाटतं, थांबायचं कुठे हे प्रेमाला बरोबर कळतं.

भारतातही याचा मोठा दाखला आहे. रघू राय यांनी १९९५ साली चर्चगेट स्थानकावर टिपलेला फोटो पाहा. गर्दीचे धुराचे लोट झालेत, आणि त्या लोटांत वर्तमानपत्र वाचणारी काही माणसं तेवढी ठळक, निश्चल. लोकलने रोज जाणाऱ्या माणसाला तो फोटो समजावून सांगावा लागत नाही.

या सगळ्यांच्या नादाने मी गेला उन्हाळाभर पहाटे दादरच्या फुलबाजारात जात होतो. पहाटेच का, तर उजेड कमी असतो. शटर सेकंदभर उघडं ठेवायचं तर भर दिवसा फोटो पांढराफटक पडतो, भिंगावर काळी काच चढवावी लागते. पाच-साडेपाचला तसलं काही लागत नाही. आकाश निळसर असतं, पिवळे दिवे चालू असतात, आणि हमालांच्या डोक्यावरच्या शेवंतीच्या पाट्या त्या निळ्यातून पिवळे पट्टे ओढत जातात.

तिथे गजरेवाल्या एक मावशी बसतात. समोर ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, वरून दोऱ्याचा फेरा, आणि अंगठ्याने गाठ आवळायची. हे लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांचं वीतभर होतं. मी आधी सेकंदाच्या पाचशेव्या भागावर फोटो काढले. बोटं लख्ख आली, नखांत अडकलेला हिरवा देठसुद्धा दिसला. पण ती बोटं थांबलेली होती. मावशींची बोटं त्या जागी बसल्यापासून कधी थांबलेली मी पाहिली नव्हती, आणि माझा इतका स्वच्छ फोटो ती थांबली असं सांगत होता.

मग कॅमेरा उलट्या क्रेटवर टेकवला आणि शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवलं. पहिले चाळीसेक फोटो खरोखरच वाया गेले, बाबांच्या अर्थाने. मध्येच कुणाचा धक्का लागला, कधी मावशी बोलता बोलता पुढे वाकल्या आणि सगळ्याचीच पेज झाली. यातून एवढं शिकलो, की धूसर फोटोत काहीतरी एक घट्ट थांबलेलं असावं लागतं. नाहीतर डोळा टेकायचा कुठे? मी मावशींच्या बांगड्यांचा, चेहऱ्याचा नाद सोडला आणि फोकस त्या ताणलेल्या दोऱ्यावर धरला. एका फोटोत ते जमलं. दोरा सुरीच्या धारेसारखा उमटलाय, खाली ओलं फडकं आणि कळ्यांचा ढीग स्थिर आहे, आणि त्यांच्या मध्ये हातांच्या जागी सावळं-पांढरं धुकं. बोट एकही ओळखू येत नाही.

तो फोटो मोठा करून मावशींना नेऊन दिला. मनात धाकधूक होती. हात कुठे गेले असं त्या म्हणणार, आणि मी काय उत्तर देणार?

त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोटो दिव्याच्या उजेडाला धरला आणि बराच वेळ पाहिला. मग त्या धुक्यात, जरा जास्त पांढऱ्या झालेल्या एका ठिकाणी, त्यांनी बोट ठेवलं.

“दादा, ही गाठ आवळतानाची,” त्या म्हणाल्या. “इथं हात जरा रेंगाळतो. जोरात ओढलं तर कळी तुटते.”

मी वाकून पाहिलं. महिनाभर तो फोटो माझ्याकडे होता, आणि तो पांढरा ठिपका मी प्रकाशाचा समजत होतो. मावशींनी फोटो पिशवीत उभा सारून ठेवला, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला आणि कळ्या उचलल्या. अजून बोहनी व्हायची होती.