सम तारीख, विषम तारीख

हृदय बंद पडून पुन्हा चालू झाले, परंतु शुद्ध आली नाही, अशा रोग्यावर काही प्रयोग करावयाचा तर त्याची संमती कोठून आणावी? हा प्रश्न आम्हांस वैद्यकाहून नीतीचा अधिक वाटतो.

मेलबर्न येथे डॉ. बर्नार्ड व त्यांचे सहकारी यांनी अशा ७७ रोग्यांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. विषम तारखेस आलेल्या रोग्याचे शरीर बर्फाने ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून बारा तास तसेच ठेवावयाचे, सम तारखेस आलेल्याचे उतरवावयाचे नाही, असा नियम होता. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरज घटते, ही त्यामागील कल्पना. थंड केलेल्या ४३ जणांपैकी २१, आणि इतर ३४ जणांपैकी अवघे ९ बऱ्या स्थितीत रुग्णालयातून बाहेर पडले. सम तारखेस मृत्यू पावलेल्याच्या पत्नीने हे आकडे वाचले असतील, तर तिने पंचांगास काय म्हटले असेल!

दयाळू वैद्याने सर्वांसच थंड करावयास हवे होते, असे कोणीही म्हणेल. आणि त्यानंतर पुष्कळ रुग्णालयांत तसे करूही लागले. परंतु २०१३ साली ३३ व ३६ अंशांत काही भेद आढळला नाही. २०२१ साली सुमारे १८५० रोग्यांत एका गटास ३३ अंशांवर ठेवले, दुसऱ्यास केवळ ज्वर येऊ दिला नाही. सहा महिन्यांत पहिल्यातील शेकडा ५० व दुसऱ्यातील शेकडा ४८ दगावले. शिवाय थंड केलेल्यांत हृदयाची लय अधिक बिघडली. म्हणजे चिठ्ठी न टाकता दया केली असती, तर ती आजही तशीच चालू राहिली असती.

तथापि एवढ्याने चिठ्ठी निर्दोष ठरत नाही. तिचे समर्थन मागाहून आलेल्या आकड्यांनी करणे हा न्याय नव्हे. त्या दिवशी वैद्याच्या मनात खराच संशय होता काय, एवढेच पाहावयाचे. ज्याची खात्री झाली होती आणि तरीही ज्याने चिठ्ठी टाकली, त्यास आम्ही दोषी धरू, मग त्याची खात्री पुढे खोटी का ठरेना.

राहता राहिली संमती. ती अनेकदा मागाहून घेतात: शुद्धीवर आला तर रोग्याची, नाही तर आप्तांची. घाई असते हे आम्ही जाणतो. परंतु उपचार नशिबाने ठरला आहे, हे दारात उभ्या असलेल्या मुलास त्याच रात्री सांगावयास कितीसा वेळ लागतो?