महिन्याला एक

गेल्या श्रावणात माझा भाचा पुण्याहून नाशिकला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत आईसाठी बाकरवडी होती आणि माझ्यासाठी एक कागद होता. मी शाळेत मराठी शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे नात्यातल्या लग्नपत्रिका, मानपत्रे आणि श्रद्धांजल्या माझ्याकडेच तपासायला येतात. हाही तसलाच काही मजकूर असेल असे समजून मी चष्मा चढवला. माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘महिन्याला एक’. खाली जानेवारी ते डिसेंबर असे बारा महिने, प्रत्येक महिन्यापुढे पुण्यात तयार होणारी एक बिअर, तिच्याविषयी चार ओळी, आणि प्रत्येक वेळी शेवटी दोन शब्द : ‘अवश्य घ्या’.

दिवस सोमवारचा होता. आत माझी बहीण उपवासाची खिचडी परतीत होती. भाचा आवाज खाली आणून म्हणाला, “मामा, मजकूर माझा आहे. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. वीस मित्रांना मोबाइलवर पाठवायचा आहे.”

मी स्वतः पीत नाही. यात माझे काही पुण्य नाही. जिभेला कधी ओढच वाटली नाही, एवढेच. जो मोह झालाच नाही तो जिंकल्याची फुशारकी कशाला मारावी? तेव्हा मी शाईचे पेन उघडले आणि ऱ्हस्वदीर्घ सुधारू लागलो. पण मजकूर वाचता वाचता मी त्यात गुंतत गेलो.

मुलाने अभ्यास केला होता. सातू भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात ठेवून त्यातला गोडवा उतरवून घ्यायचा. मग हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचे, म्हणजे कडवटपणा आणि सुवास येतो. आणि निवल्यावर यीस्ट घालायचे, म्हणजे ते साखर खाऊन मद्यार्क आणि वायू तयार करते. मी म्हटले, “अरे, निम्मी कृती तर तुझ्या आजीच्या नाचणीसत्त्वाची आहे!” तो हसला. “हो मामा, यीस्ट येईपर्यंत दोघी एकाच वाटेने जातात.” उन्हाळ्यात गव्हाची हलकी, आंब्याच्या दिवसांत आंब्याची, पावसाळ्यात भाजलेल्या सातूची, कॉफीसारखा वास येणारी काळी. ऋतूंचे भान त्याने नीट राखले होते. आपल्याकडे चैत्रात पन्हे, वैशाखात कोकमाचे सरबत आणि थंडीत गूळ-आल्याचा काढा असतो, त्याच चालीवर हे चालले होते.

जानेवारीपुढचे नाव वाचून मात्र मी थबकलो. ‘डूलाली’. २००९ साली पुण्यात सुरू झालेली ही ब्रुअरी देशातल्या अगदी पहिल्या छोट्या ब्रुअरींपैकी एक. पण हे नाव आमच्या नाशिकचे आहे! देवळालीला गोऱ्या सैनिकांची छावणी होती. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत ते तेथे महिनोन् महिने पडून राहात. ऊन, रिकामपण आणि तापाने काहींची डोकी फिरत. अशा माणसाला त्यांच्या बोलीत ‘डूलाली’ झाला म्हणू लागले. देवळालीचे डूलाली झाले, आणि भान सुटलेल्या माणसाला दिलेले ते नाव आता हौसेच्या पेल्यावर छापले जाते. शब्दाचे नशीब माणसाच्या नशिबासारखेच. कोठून निघेल आणि कोठे पोचेल, सांगता येत नाही.

बारा महिने तपासून झाले. चुका फार नव्हत्या. परंतु ‘अवश्य’ या शब्दाशी माझे पेन अडले. मी म्हटले, “हा शब्द ठेवायचा का?”

“का? अशुद्ध आहे?”

“शुद्ध आहे. पण खरा आहे का?”

भाचा वादाला कच्चा नाही. तो म्हणाला, “मामा, नाशिककराने हे विचारावे? गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंतांनी द्राक्षे लावली, आईच्या सुलभा या नावावरून ‘सुला’ नाव दिले, २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. आज विंचूरला वाइन पार्क आहे, ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते. स्थानिक वस्तू चाखा, असे सांगण्यात पाप कसले? शिवाय ‘महिन्याला एक’ म्हणतो आहे मी. महिन्यांनी मोजणारा माणूस संध्याकाळींनी मोजत नाही. माझा कागद संयमच शिकवतो.”

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. दिंडोरी-निफाडकडे माझे पुष्कळ विद्यार्थी आहेत. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि मग ऐन मण्यांत पाणी भरताना पडणारा अवकाळी पाऊस. या चक्रात त्यांच्या घरांचे श्वास अडकलेले मी पाहिले आहेत. त्यांच्या द्राक्षांना जो कोणी दाम देतो त्याला मी घरबसल्या नावे कशी ठेवू? आणि चव घेत, सावकाश, मित्रांत बसून एक पेला पिणारा मनुष्य हा पेल्यात बुडालेल्या माणसाहून वेगळा असतो, हेही मान्य करायला हवे.

परंतु वेगळेपणाची ही रेघ कित्येकदा आपण खिसा पाहून ओढतो, हेही तितकेच खरे. ज्याला परवडते तो ‘चाखतो’, ज्याला परवडत नाही तो ‘ढोसतो’. एकाची आवड ठरते, दुसऱ्याचे व्यसन. पेल्यातला मद्यार्क मात्र दोघांची जात विचारीत नाही. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. ते देशी पिणाऱ्याला लागू आणि आंब्याच्या बिअरला माफ, असे त्यात नाही.

संध्याकाळी आमच्या शेजारच्या वकिलांपुढे हा प्रश्न ठेवला. त्यांनी एक विलक्षण गोष्ट सांगितली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मादक पदार्थाची नुसती प्रशंसा करण्यालाही बंदी होती. फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या नागरिकाने त्या कायद्याला आव्हान दिले. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : दारूबंदी करण्याचा सरकारचा अधिकार कायम, पण प्रशंसेला बंदी घालणारा भाग भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध, म्हणून रद्द. तो कायदा आजही महाराष्ट्रात आहे. बिअर पिण्याला २१ वर्षांची आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, परवाना आहे. पण चांगली वाटली तर चांगली म्हणायला कोणाची आडकाठी नाही.

“म्हणजे सुटलो!” भाचा म्हणाला.

कायद्याने तो सुटला, यात शंका नाही. पण कायदा एवढेच सांगतो की तुझे तोंड कोणी दाबणार नाही. तोंड उघडल्यावर काय बोलावे, आणि कोणासमोर, हे ठरवण्याचे काम त्याने आपल्यावरच टाकले आहे. स्वातंत्र्य मिळाले की जबाबदारी संपते, असा आपला समज असतो. वास्तविक ती तेथून सुरू होते.

रात्री मला तळीराम आठवला. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून तळीराम हे दारुड्याचे सामान्यनाम झाले आहे. पण नाटक नीट आठवून पाहा. तळीरामाचे खरे काम पिण्याचे नाही. ते शिफारशीचे आहे. सनद गेल्याच्या अपमानाने सुधाकर तळमळत असतो, तेव्हा त्याचा कारकून त्याला पेल्याची वाट दाखवतो. पुढे तर तो आर्य मदिरा मंडळ काढून आग्रहाची संस्थाच करतो. सुधाकराला कोणी शत्रूने दारू पाजली नाही. हितचिंतकाच्या आवाजात बोलणाऱ्याने पाजली. ज्या घटकेला त्या माणसाला दुसरे काहीही चालले असते, त्या घटकेला त्याच्यापुढे नेमके तेच ठेवले गेले. तळीरामाचा मोठा अपराध हा, की आपण कोणाला काय देत आहोत हे त्याने पाहिले नाही.

आणि हे लिहिताना माझाच हात थरथरतो. कारण मीही शिफारस करणारा मनुष्य आहे. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात मी दर महिन्याला ‘या महिन्याचे पुस्तक’ असे लिहीत असतो. माझाही कागद ‘महिन्याला एक’ असाच आहे. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी हेच नाटक त्या कोपऱ्यात लिहिले, ‘अवश्य वाचा’ म्हणून. एवढ्यावर न थांबता सिंधूच्या हालअपेष्टांचा प्रवेश वर्गात मोठ्याने, अभिनयासह वाचून दाखवला. मुले स्तब्ध झाली. मी मनातून खूष झालो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मात्र डोके बाकावर टेकवले होते. तिला झोप लागली असे वाटून मी तिला वर्गादेखत टोकलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि खाली पाहून म्हणाली, “सर, झोपले नव्हते. आमच्या घरी हे रोजच असतं.”

मी पुस्तक चांगलेच सुचवले होते. हेतू चांगला होता. वाचनही, माझ्या मते, उत्तम झाले होते. चुकले एवढेच, की चाळीस मुलांपुढे ते ठेवताना चाळीस घरे माझ्या डोळ्यांपुढे नव्हती. आजही मी ते नाटक सुचवतो. पण आधी वर्गाकडे पाहतो, आणि कोणाला नको असेल तर दुसरे पुस्तक आहे, असे सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हे सारे मी भाच्याला सांगितले. तो बराच वेळ बशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, त्या वीसजणांत एक आहे. दोन वर्षे झाली, सोडली त्याने. फार त्रासाने सोडली. यादी सगळ्यांची म्हणून त्याचे नाव राहिले.”

आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. आत बहिणीने भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. तिने सारे ऐकले असावे.

मला जे वाटते ते एवढेच. शिफारस वस्तूची असते, पण ती पोचते माणसाला. वस्तू चांगली आहे की नाही, हा तिचा अर्धा भाग झाला; ती ह्या माणसाला चांगली आहे की नाही, हा उरलेला अर्धा. जो पहिलाच अर्धा पाहून ‘अवश्य’ म्हणतो तो जाहिरात करतो. जाहिरातीला समोरचा माणूस दिसत नाही, आणि दिसावा अशी तिची इच्छाही नसते. मित्राला ती सवलत नाही. आपल्याकडे शिफारसपत्राखाली सही लागते, ती काही उगाच नव्हे. शिफारस करणारा हा अर्धा जामीन असतो. पुढे काही बिघडले तर त्याच्या दारात येऊन विचारता आले पाहिजे, “तूच सांगितले होतेस ना?” एवढी तयारी असेल त्याने खुशाल सुचवावे, बिअर सुचवावी, पुस्तक सुचवावे, स्थळ सुचवावे. नसेल त्याने आपली आवड आपल्यापाशी ठेवावी.

भाच्याने कागद फाडला नाही, आणि मीही तसे सुचवले नाही. त्याने ‘अवश्य घ्या’ बारा ठिकाणी खोडले आणि ‘मला आवडली’ असे लिहिले. प्रत्येक बिअरपुढे तिच्यात शेकडा किती मद्यार्क आहे तो आकडा घातला. शेवटी स्वतःचे नाव घातले. मी शुद्धलेखनाची एकच चूक राहिली होती ती दुरुस्त करून कागद परत दिला.

आता दिवाळीला तो आला आहे. सकाळपासून आकाशकंदिलाच्या कामट्यांशी झटापट चालली आहे. मी सहज विचारले, “कागद पाठवलास का रे?”

“पाठवला. एकोणीस जणांना.”

“आणि विसावा?”

“त्याला कागद नाही पाठवला,” खळीचे बोट पायजम्याला पुसत तो म्हणाला. “त्याच्याकडे मीच जाणार आहे. थंडी पडली की त्याच्या शेतावर, हुरड्याला.”

आतून बहीण म्हणाली, “जाताना चकल्यांचा डबा घेऊन जा त्याला.”

ही शिफारस मात्र कोणी तपासायला दिली नाही.