मूळ अर्थाचा हट्ट

एखादा अवाक झाला की इंग्रजीत तो 'टेकन अबॅक' झाला म्हणतात. हे बोलणे शिडाच्या जहाजावरचे. वारा अचानक समोरून आला की शिडे डोलकाठीवर दाबली जात आणि जहाज अडून बसे. 'बाय अँड लार्ज' म्हणजे आज 'एकंदरीत'. खलाशांच्या लेखी मात्र एकीकडे समोरून तिरका येणारा वारा, दुसरीकडे मागून ढकलणारा. दोन्हींत नीट चालते ते जहाज चांगले. शिडे गेली, पण ही बोली समुद्र न पाहिलेल्या कारकुनाच्याही तोंडी रुळली. डोलकाठीचा विसर पडला म्हणूनच ती त्याच्या कामी आली.

मूळ हरवले की लोक ते रचतात. 'पॉश'ची गोष्ट आपल्याकडेही ऐकवली जाते: हिंदुस्थानात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची, परतताना उजव्या बाजूची सावलीतली खोली घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांच्या चार आद्याक्षरांचा शिक्का असे. असे तिकीट कुणालाच सापडलेले नाही. गोष्ट टिकली ती नीटनेटकी आहे म्हणून. खरी व्युत्पत्ती सहसा इतकी नेटकी नसते.

अशा गोष्टींवर उतारा म्हणजे तारीखवार पुरावा. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 साली कल्पना निघालेला ऑक्सफर्डचा महाकोश 1928 साली पुरा झाला. स्वयंसेवकांनी जुन्या पुस्तकांतली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली. त्यांवरून प्रत्येक शब्दाचे अर्थ कालक्रमाने लागले. 'सिली' म्हणजे एकेकाळी धन्य, मग निष्पाप, मग बिचारा आणि शेवटी मूर्ख. 'नाइस'ची वाट उलटी: लॅटिनमधल्या 'अजाण'पासून निघून मूर्ख, चोखंदळ, काटेकोर असे मुक्काम करत तो 'छान'पर्यंत आला.

तरीही काहींना सर्वांत जुना अर्थ तोच खरा वाटतो. 'डेसिमेट' म्हणजे रोमन सैन्यातली दहातला एक मारण्याची शिक्षा, म्हणून सरसकट संहाराला तो शब्द वापरू नये, असे ते बजावतात. सॅम्युअल जॉन्सनलाही इंग्रजी एका जागी खिळवायची होती. 1755 च्या आपल्याच कोशाच्या प्रस्तावनेत त्याने ती आशा व्यर्थ असल्याचे कबूल केले. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास सांगते. आज तो कसा वापरावा, हे ठरवण्याचा हक्क तिला नाही. तो दिलाच, तर 'डेसिमेट'वर अडून बसणाऱ्यांनी कुणी 'नाइस' म्हटल्यावर खूश होणेही सोडायला हवे.